हागारेला नावाने हाक कोण मारणार?

आदिलाबाद धर्मप्रांताचे बिशप महोदय, आणि या जिल्ह्यातल्या लहानमोठ्या सगळ्या मंडळ्यांच्या पाळकांनो,



मी आदिलाबादेत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. गेल्या मे महिन्यात रविवारची उपासना सुटल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी मागोमाग घरापर्यंत आली. पाणी प्यायली, पंख्याखाली बसली, मुलांच्या शाळेचं काहीबाही बोलली. बऱ्याच वेळाने खाली बघत म्हणाली, "बाई, पोटातली अंडी देणं पाप आहे का?"

तिला दोन लेकरं आहेत. नवऱ्याने मक्त्याने घेतलेल्या चार एकरांत कापूस. आठवड्याला फायनान्सवाल्याचा हप्ता. हैदराबादेत आजारी माणसांची देखभाल करायला राहिलेली त्यांच्याच ओळखीची एक बाई गावात आली होती. तिने सांगितलं होतं की दहा-बारा दिवसांचं काम आहे, जेवणखाण तिकडेच, कृष्णा एक्सप्रेसने जायचं आणि त्याच गाडीने परत यायचं. "विकायचं नसतं गं, द्यायचं असतं. आणि अंडी तर दर महिन्याला वायाच जातात." मिळणारी रक्कम एका हंगामाच्या कापूसवेचणीत हाती येत नाही एवढी होती.

मी तिला म्हटलं, "पास्टरसाहेबांना का नाही विचारलंस?" ती म्हणाली, "पुरुषमाणसाला अंड्यांचं कसं विचारू?"

"जाऊ नकोस" एवढंच त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं. का जाऊ नकोस, ते मला नीट सांगता आलं नाही. त्या रात्रीपासून जे वाचलं, जो विचार केला, तो तुमच्यापुढे ठेवते आहे. उघड लिहिते आहे, कारण हा प्रश्न घेऊन ती एकटीच कुणाच्या तरी दारात उभी असेल असं मला वाटत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेने या विषयावर काहीच म्हटलेलं नाही असं नाही. कॅथलिक चर्चची भूमिका तर स्पष्ट आहे. २२ फेब्रुवारी १९८७ रोजी रोमहून 'डोनुम व्हिटाए' नावाची सूचना निघाली. नावाचा अर्थ जीवनाचं दान. मूल नवराबायकोच्या परस्परांना दिलेल्या देहातून यावं, त्यात तिसऱ्याचं बीज आलं तर लग्नाच्या एकपणाला तडा जातो आणि मुलाचाही हक्क डावलला जातो, असं तिथे सांगितलं आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २३७६व्या परिच्छेदात शुक्राणू किंवा स्त्रीबीज बाहेरून घेणं गंभीर अनीतीचं ठरवलं आहे. २००८ सालच्या 'डिग्नितास परसोने'ने तेच पुन्हा मांडलं. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चनेही २००० साली दात्याचं बीज नाकारलं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकमत नाही. नवराबायकोचंच बीज असेल तर प्रयोगशाळेची मदत घ्यायला अनेकांची हरकत नसते. तिसऱ्याच्या बीजापाशी आल्यावर काही थांबतात, काही म्हणतात की हेही शेजारधर्मासारखंच, शोमरोन्याने जखमी माणसाला दिलं तसं.

ऑलिव्हर ओ'डोनोव्हन या अँग्लिकन ईश्वरविद्येच्या अभ्यासकाने १९८४ साली यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. नायसियाच्या श्रद्धाप्रकटनात पुत्राविषयी जो शब्द आहे, जन्म दिलेला, घडवलेला नव्हे, त्याच्यावर त्याने बोट ठेवलं. आपण ज्याला जन्म देतो तो आपल्या बरोबरीचा असतो, आणि जे घडवतो ते आपल्या हाताखालचं. मूल घडवण्याची वस्तू झालं की ते बरोबरीचं राहत नाही. मला हे पटतं. शाळेत चाळीस-चाळीस लेकरं रोज समोर बसवलेल्या बाईला ते लवकर पटतं.

पण महोदय, हे सगळं वाचताना मला एक गोष्ट सलत राहिली. लग्नाचं एकपण, भ्रूणाचं जीवन, मुलाचा हक्क, सगळ्यावर पानंच्या पानं आहेत. ते बीज ज्या बाईच्या अंगातून निघालं, तिच्यावर जेमतेम काही ओळी. सरोगसीच्या बाबतीत चर्चने ती बाई पाहिली. ८ जानेवारी २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सरोगसीवर जगभर बंदी मागितली, तेव्हा गरजू आईच्या अडचणीचा फायदा घेतला जातो हे स्पष्ट सांगितलं. स्त्रीबीज देणारीची अडचण त्याहून निराळी नाही. फरक एवढाच की तिचं पोट दिसत नाही, म्हणून तीही दिसत नाही.

मी उत्पत्तीचा सोळावा अध्याय शेकडो वेळा वाचला असेल. यंदा वाचताना एक गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली. साराय हागारेला दासी म्हणते. अब्राम तिला तुझी दासी म्हणतो. एकविसाव्या अध्यायात तर साराच्या तोंडी 'ही दासी' एवढंच उरतं. त्या घरात तिच्या देहातून वारस मिळवला गेला, पण तिचं नाव त्या दोघांच्या बोलण्यात एकदाही येत नाही. तिला हागार म्हणून हाक मारणारा पहिला आवाज रानातल्या झऱ्यापाशी भेटलेल्या देवदूताचा आहे. तो विचारतो, कुठून आलीस आणि कुठे चाललीस. तीही देवाला नाव देते, मला पाहणारा देव.

आपल्या प्रवचनांत हा अध्याय बहुतेक वेळा अब्राहामाच्या उतावीळपणाचा धडा म्हणून येतो. माझ्या उभ्या आयुष्यात मी हागारेवर एकही पूर्ण प्रवचन ऐकलेलं नाही.

आता त्या "वायाच जातात" विषयी बोलते, कारण त्या ओळखीच्या बाईसारख्या एजंटांच्या शिकवणीतलं हे सगळ्यांत गोड वाक्य आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते अगदीच खोटं नाही. दर महिन्याला अंडाशयात अनेक बीजं वाढू लागतात, एक पिकतं, बाकीची विरून जातात. इंजेक्शनं त्या विरून जाणाऱ्यांनाही पिकवतात. पण त्यासाठी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस रोज सुई टोचली जाते, मध्ये मध्ये सोनोग्राफी होते, शेवटचं एक इंजेक्शन देऊन साधारण छत्तीस तासांनी भूल देतात आणि योनीमार्गातून सुई घालून बीजं शोषून घेतात. काही जणींची अंडाशयं प्रमाणाबाहेर फुगतात, पोटात पाणी साचतं, धाप लागते, क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात. हा त्रास बहुधा नंतरच्या आठवडाभरात वाढतो, म्हणजे बाई गावी परतलेली असते तेव्हा. इथल्या रिम्स रुग्णालयाच्या दारात ती डॉक्टरांना काय सांगणार? घरी नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही, हातात कागदाचा कपटा नाही. २०१० साली मुंबईत भंगाराच्या कामावर जाणारी १७ वर्षांची एक मुलगी स्त्रीबीज दिल्यानंतर दोन दिवसांत गेली. तिच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं.

मी कापसाच्या जिल्ह्यातली आहे. उरलेल्याचं काय करायचं असतं, हे मोशेच्या नियमशास्त्रात लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात लिहिलेलं आहे. शेताच्या कडा कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. रूथ त्याच सरव्यावर जगली. मालकाच्या शेतातलं उरलेलं विधवेच्या ओटीत जायचं, अशी ती वाट होती. इथे ती उलटी फिरवली आहे. गरिबिणीच्या अंगातलं 'उरलेलं' उचलून श्रीमंताच्या घरी न्यायचं, आणि वर तिलाच सांगायचं की तुझं वायाच जाणार होतं. दारिद्र्यातलाही सरवा वेचून नेणाऱ्याला नियमशास्त्र काय म्हणेल, ते तुम्ही व्यासपीठावरून सांगावं.

शोमरोन्याची उपमा देणाऱ्यांचं मन मी ओळखते. बहिणीने बहिणीसाठी काही करावं यात प्रेमच असतं. पण मुंबई उच्च न्यायालयात २०२४च्या ऑगस्टमध्ये निकाल लागलेलं नवी मुंबईच्या एका कुटुंबाचं प्रकरण वाचा. धाकट्या बहिणीने बीज दिलं, सरोगसीने जुळ्या मुली झाल्या, नवराबायको वेगळे झाले, मुली नवऱ्याकडे गेल्या आणि तीच बहीण त्यांच्याजवळ राहू लागली. मग नवऱ्याचं म्हणणं पडलं की बीज देणारी हीच खरी आई, बायकोचा हक्क नाही. न्यायालयाने ते फेटाळलं. बीज देणारीला कायद्याने आईपणाचा हक्क नाही असं सांगून वाढवणाऱ्या आईला मुलींची भेट मिळवून दिली. निकाल योग्यच होता. तरी बायबलमधल्या लेआ आणि राहेल या बहिणींच्या घरातली ती ओढाताण हजारो वर्षांनी नवी मुंबईत जशीच्या तशी उतरली, हे विसरता येत नाही. मूत्रपिंड दिलं तर घेणारा बरा होतो आणि गोष्ट तिथे संपते. बीज दिलं तर एक नवा माणूस येतो, तो मोठा होतो आणि विचारतो.

आणि मूत्रपिंडासाठी तरी १९९४च्या कायद्याने एक उंबरठा घातला आहे. नात्याबाहेर द्यायचं असेल तर समितीपुढे उभं राहून सांगावं लागतं की हे प्रेमापोटी आहे, पैशापोटी नाही. स्त्रीबीज देणारीला असं कुणी बसवून विचारत नाही.

कायदा नाही असं नव्हे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१चा कायदा २५ जानेवारी २०२२पासून लागू आहे. बीज देणारी २३ ते ३५ वर्षांची हवी, आयुष्यात एकदाच द्यायचं, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, ते नोंदणी झालेल्या बँकेमार्फतच व्हायला हवं, घेणाऱ्या जोडप्याने तिचा विमा उतरवायचा, तिची लेखी संमती हवी, आणि बीजाची खरेदी-विक्री हा गुन्हा. माझ्या विद्यार्थिनीला यातलं एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. "एकदा गेलीस की पुढच्या वेळी जास्त मिळतील," असं मात्र सांगितलं होतं.

तामिळनाडूत २०२२ साली ईरोडच्या १६ वर्षांच्या मुलीचं प्रकरण उजेडात आलं. खोटं आधार कार्ड करून तिचं वय वाढवलं होतं आणि आठ वेळा तिची बीजं काढली होती; त्यात तिची आईच गुंतलेली निघाली. आपल्या तेलंगणात जुलै २०२५मध्ये सिकंदराबादच्या सृष्टी फर्टिलिटी सेंटरवर कारवाई झाली. सरोगसीचं म्हणून एका जोडप्याच्या हाती दुसऱ्याच गरीब आईबापांचं मूल दिल्याचा पोलिसांचा आरोप आहे. डीएनए जुळलं नाही तेव्हा ते बाहेर आलं. पुढच्याच महिन्यात मेडचल भागातल्या एका घरावर छापा पडला. तिथे अंडी देण्यासाठी आणि सरोगसीसाठी बायका आणून ठेवल्या होत्या. हा धंदा चालवणारी बाई पूर्वी स्वतःच डोनर आणि सरोगेट होती, असं पोलिसांनी सांगितलं. त्या बातमीपाशी मी फार वेळ थांबले. माझ्या विद्यार्थिनीच्या गावात आलेली ती ओळखीची बाईसुद्धा कधीतरी अशीच कुणाच्या तरी सांगण्यावरून गाडीत बसली असेल. तिच्यावर दगड उचलायला माझा हात होत नाही.

आता मूल नसलेल्यांविषयी. त्यांना या पत्रात खलनायक करायचं माझ्या मनात नाही. आपल्याकडे लग्नाला दोन वर्षं झाली की "काही आहे का?" सुरू होतं. बाप्तिस्म्याच्या रविवारी मागच्या बाकावर बसणारी एखादी जोडी मला दरवेळी दिसते. बायबलमधली हन्ना मूल नाही म्हणून रडत होती तेव्हा एली याजकाला ती प्यालेली वाटली. आपणही तिच्या रडण्याला काहीबाही नावं ठेवतो. मंडळीतल्या बायकाच ओटीभरणाला तिला टाळतात, हे मी पाहिलं आहे. अशा बाईला कुणी सांगितलं की हैदराबादेत इलाज आहे, तर ती दागिने मोडून जाईल. तिला "हे पाप आहे" एवढंच सांगून तुमचं काम संपत नाही.

दत्तक घ्या, असं आपण म्हणतो. हा सल्ला देताना इतिहासही सांगायला हवा. कितीतरी वर्षं ख्रिस्ती जोडप्याला या देशात पूर्ण अर्थाने दत्तक घेताच येत नव्हतं. १८९०च्या पालकत्वाच्या कायद्याखाली मूल वाढवायचं, पण आईबाप म्हणून नव्हे, पालक म्हणून. बाल न्याय कायद्यातल्या २००६च्या दुरुस्तीने ती वाट उघडली, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला या कायद्याने दत्तक घेता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाश्मी यांच्या प्रकरणात पक्कं केलं. सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात, म्हणजे आपल्याच जिल्हाधिकारी कार्यालयात तो होतो. वाट पाहावी लागते, काही वर्षंही लागतात. पण किती पाळकांनी आपल्या मंडळीतल्या एका तरी जोडप्याबरोबर ते अर्ज भरले आहेत?

आणि ज्यांच्या घरी असं मूल आलंच आहे, त्यांचं काय? इथे 'डोनुम व्हिटाए'चंच म्हणणं मला आधाराचं वाटतं: मूल कसंही आलं असो, ते देवाच्या चांगुलपणाचं दान म्हणूनच स्वीकारायचं. म्हणून अशा लेकराच्या बाप्तिस्म्याच्या वेळी कुणी कुजबुज केली तर ती तिथल्या तिथे थांबवा. मात्र त्याच्या आईबापांना हळूच सांगा की मोठं झाल्यावर त्याला खरं सांगा. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५पासून नोंदवलेल्या दात्याची ओळख मुलाला अठराव्या वर्षी मागता येते. आपल्याकडे तशी वाट नाही. आपण लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं वाचून विचारतो की यांच्या नात्यात काही अडथळा कुणाला ठाऊक आहे का. मामाच्या, आत्याच्या घरात सोयरिक करणाऱ्या या मुलखात उद्या या प्रश्नाचं उत्तर कुणालाच ठाऊक नसेल.

बिशप महोदय, आपला धर्मप्रांत १९९९ साली चांद्याच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला. आपल्या मंडळ्यांची नाळ विदर्भाशी आहे. आज महाराष्ट्रात असलेलं किनवटही १९५६पर्यंत याच जिल्ह्यात होतं. म्हणून पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी परक्याचं म्हणून देत नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, कारण उपाशी पोरींना फसवून नेणारे तिथे आधीच पोचले होते. रमाबाईंनी शेकडो मुलींना आणि बायकांना आपल्याबरोबर आणलं, केडगावला त्यांच्यासाठी छप्पर उभं केलं, त्यांना छपाईपासून विणकामापर्यंत काम शिकवलं. त्या मुलींना त्यांनी आधी जेवायला घातलं, मग बायबल शिकवलं.

तुमच्याकडेही माझं तेवढंच मागणं आहे. या व्यवहाराला तुम्ही नाही म्हणावं, ठाम म्हणावं, पण ते त्या बाईच्या बाजूने म्हणावं आणि त्या नकाराचा भार तिच्या एकटीवर टाकू नये. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसे लागतात, शाळा उघडतात, हप्ते थकतात. एजंटला हे कॅलेंडर पाठ आहे. मंडळीच्या पेटीतून त्या दिवसांसाठी बिनव्याजी उसने देता येतील असा छोटा निधी प्रत्येक धर्मग्रामात, प्रत्येक मंडळीत उभा राहू शकतो. धर्मभगिनी, पाळकांच्या बायका, मंडळीतल्या नर्सा यांच्यापैकी एखादीचं नाव वेदीवरून जाहीर करा, म्हणजे जो प्रश्न पुरुषाला विचारता येत नाही तो तिला विचारता येईल. २०२१चा कायदा तेलुगू, मराठी आणि गोंडीत तिला समजेल असा सांगा. एखादी परतून आजारी पडली तर तिला रिम्समध्ये घेऊन जाणारं माणूस मंडळीतलं असू द्या, आणि तिला त्या दिवशी पापाचा धडा देऊ नका.

माझी विद्यार्थिनी अजून गेलेली नाही. एक हप्ता मी भरला, एक तिच्या भावाने. पुढचा मृग येतोच आहे. त्याआधीच्या एखाद्या रविवारी आपल्या सगळ्या मंडळ्यांत उत्पत्तीचा सोळावा अध्याय वाचा आणि हागारेवर प्रवचन करा. कुठल्या रविवारी ते मला आधी कळवा. मी तिला सोबत घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
आदिलाबाद